कॉलनीत गाडीचा नंबर वाचणारे कॅमेरे बसवायचे आहेत, रात्री खरंच नंबर येतो का?

गिरणाकाठ_जळगाव

राम राम मंडळी. जळगावात राहतो, शहराच्या बाहेरच्या बाजूला प्लॉटची कॉलनी आहे, बंगले आणि रो हाऊस धरून ८४ घरं. सोसायटी रजिस्टर वगैरे काही नाही, एक मित्र मंडळ आहे, गणपतीची वर्गणी आम्ही चार-पाच जण गोळा करतो म्हणून हे कामही आमच्याच गळ्यात आलं.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे एकाच रात्री दोन घरं फुटली. तुम्हाला माहीतच आहे आखाजीला आपल्याकडे काय असतं, लेकी-बायका माहेरी, अर्ध्या घरांना कुलूप, आणि जे घरी आहेत ते उकाड्यामुळे गच्चीवर. त्याच रात्री माझी स्प्लेंडर पण गेली, दारासमोरून. माझ्या घराला कॅमेरा होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो की आता सापडलेच. फुटेज पाहिलं तर दोघं जण एका बाईकवर येताना दिसतात, पण समोरून हेडलाईटचा मोठा पांढरा गोळा आणि जाताना मागे नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा चौकोन. एक अक्षर नाही. मी ते फुटेज शंभर वेळा तरी पाहिलं असेल, थांबवून, झूम करून, काही उपयोग नाही.

अजून एक घोळ झाला तो सांगतो कारण कोणाच्या तरी कामी येईल. फुटेजवर वेळ होती रात्री १:५२. त्या वेळेप्रमाणे रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचं फुटेज पाहिलं, त्यात काहीच नव्हतं. पुढे बाराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझ्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचं, घड्याळ ४० मिनिटं मागे आहे. म्हणजे खरी वेळ २:३२. परत पंपावर गेलो तोपर्यंत त्यांची डिस्क भरून जुनं पुसलं गेलं होतं. ती बाईक वडिलांनी घेऊन दिलेली होती, वडील आता नाहीत, म्हणून जास्त लागलं मनाला.

आता या आखाजीच्या आत काहीतरी करायचं असं सगळ्यांनी ठरवलंय. एकाने नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांचं कोटेशन दिलं, दोन कॅमेरे, रेकॉर्डर, सॉफ्टवेअर, पोल धरून सव्वा लाखाच्या वर जातंय. घरटी दीड हजार. लोक द्यायला तयार आहेत पण मला भीती वाटते की पैसे घेतले आणि परत पांढरा चौकोनच आला तर लोकांना तोंड कसं दाखवायचं. कॉलनीला चार रस्ते आहेत, त्यातले दोन नाल्याच्या बाजूचे कच्चे. ज्यांनी बसवलंय त्यांनी सांगा, रात्री नंबर येतो का, बाईकचा येतो का, आणि महानगरपालिकेच्या रस्त्यावर असं लावता येतं का.

---

भुसावळचा_कॅमेरावाला

भाऊ, पहिले एक सांगतो, तुमचा कॅमेरा खराब नव्हता. तो घर पाहायला लावलेला होता आणि घर पाहायचा कॅमेरा आणि नंबर वाचायचा कॅमेरा ही दोन वेगळी कामं आहेत, एका कॅमेऱ्यात दोन्ही मागितली की रात्री दोन्ही जातात. मी १४ वर्षं हेच काम करतोय, दर आठवड्याला कोणी ना कोणी मला हाच पांढरा चौकोन मोबाईलवर दाखवतो.

चौकोन पांढरा का येतो ते समजून घ्या. साधा कॅमेरा अंधारात शटर हळू करतो, सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकं उघडं ठेवतो, म्हणजे उजेड जास्त मिळतो. ३० च्या स्पीडने चाललेली बाईक तेवढ्या वेळात ३३ सेंटिमीटर पुढे जाते. बाईकची मागची प्लेट आहेच २० सेंटिमीटर रुंद. मग काय वाचणार? त्यात नवीन हाय सिक्युरिटी प्लेटवर चमकणारा पत्रा असतो, जिथून उजेड येतो तिथेच तो परत फेकतो, आणि तुमच्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड लाईट नेमका त्याच्यावर पडतो. प्लेट जळून पांढरी होते.

नंबरसाठी शटर हाताने फिक्स करावं लागतं, सेकंदाचा पाचशेवा किंवा हजारावा भाग. हजाराव्या भागात तीच बाईक ८ मिलिमीटर सरकते, अक्षर चक्क वाचता येतं. पण मग बाकी सगळं चित्र काळं होतं, फक्त प्लेट चमकते. लोक हे बघून घाबरतात आणि मला फोन करतात की कॅमेरा बिघडला. बिघडलेला नाही, तो असाच पाहिजे. म्हणून त्याच पोलवर शेजारी दुसरा साधा कॅमेरा लावायचा, तो गाडीचा रंग, माणसं, कपडे दाखवेल. जोडीनेच काम होतं. तुमच्या कोटेशनमध्ये दोन कॅमेरे लिहिलेत ते दोन रस्त्यांना एकेक आहेत की एका रस्त्याला जोडी आहे ते पहिले विचारा.

आता बाईकचं. बाईक समोरून वाचायच्या फंदात पडू नका, पुढची पट्टी फक्त साडेचार सेंटिमीटर उंच असते आणि आपल्याकडे अर्ध्या बाईकना ती वायरीच्या जाळ्यात नाहीतर फुलांच्या माळेत लपलेली असते. मागून वाचायची. म्हणजे कॅमेरा कॉलनीतून बाहेर जाणाऱ्या गाडीच्या पाठीमागे बघेल असा पाहिजे, आणि येणाऱ्यांसाठी दुसरा.

हिशोब सांगतो, कोणी सेल्समन आला की त्याला हाच विचारा. कॉम्प्युटरला नंबर नीट वाचायला प्लेटच्या रुंदीत साधारण शंभरच्या वर पिक्सेल पाहिजेत. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात. तुम्ही १२ मीटरचा पूर्ण चौक दाखवला तर बाईकच्या प्लेटला मिळाले ३२. गेलं काम. सव्वातीन मीटर रुंदीच दाखवली तर ११८ मिळतात. म्हणजे एक कॅमेरा एका लेनला, रस्त्याला नाही. साधारण १२ एमएमच्या लेन्सने ही सव्वातीन मीटरची रुंदी ७ मीटर अंतरावर मिळते. त्याहून लांब पोल असेल तर मोठी लेन्स लागेल, आणि ती ५ ते ५० एमएमवाली लेन्स महाग पडते.

उंची अडीच-तीन मीटर ठेवा. लोक चोरू नये म्हणून पार दिव्याच्या उंचीवर नेतात आणि मग प्लेट वरून तिरकी दिसते. वरून आणि बाजूने दोन्हीकडून ३० अंशाच्या आत कोन पाहिजे. आणि गाडी हळू झाली पाहिजे, म्हणून जिथे आधीच स्पीडब्रेकर किंवा वळण आहे ती जागा निवडा.

कोटेशन देणाऱ्याला एकच सांगा, पैसे नंतर, आधी रात्री ११ वाजता डेमो. तुमच्या कॉलनीतल्याच २० बाईक कॅमेऱ्यासमोरून न्यायच्या, हेडलाईट चालू ठेवून, आणि किती नंबर बरोबर आले ते कागदावर लिहायचं. जो डेमोला नाही म्हणतो त्याला चहा पाजून पाठवून द्या.

आणि ९ एप्रिल २०२५ पासून सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची केली आहे, एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट. जुना स्टॉक स्वस्तात देतो म्हणणारे खूप फिरून राहिले, बिलावर मॉडेल नंबर घ्या आणि सर्टिफिकेट मागा.

---

गिरणाकाठ_जळगाव

दादा, इतकं कोणीच समजावून सांगितलं नव्हतं. कोटेशनवाल्याला फोन केला, त्याचे दोन कॅमेरे म्हणजे दोन रस्त्यांना एकेक आणि तेही पूर्ण रस्ता दिसेल असे, १० मीटरवर. डेमोचं विचारलं तर म्हणतो मशीन कंपनीतून मागवल्यावरच दाखवता येईल. त्याला तूर्त थांबवलंय.

एक शंका, आमच्या भागात फॅन्सी नंबर खूप. ४१४१ ला दादा लिहिलेलं, २१४ ला राम, काहींचे मराठी आकडे. ते वाचतं का?

---

भुसावळचा_कॅमेरावाला

नाही वाचत. सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरं आणि आकडे शोधतं, नियमातही प्लेटवर तेच पाहिजे. पण फोटो तर राहतो, माणूस डोळ्याने वाचू शकतो, आणि खरं सांगायचं तर दादा लिहिलेली गाडी कॉलनीत लगेच ओळखू येते. जास्त त्रास कशाचा होतो सांगू, ८ आणि बी, ० आणि डी, ५ आणि एस. चांगलं सॉफ्टवेअर जागेवरून ओळखतं की एमएचनंतर दोन आकडेच येणार, म्हणून तिथे बी दिसला तर ८ धरतं. पण बीएच सिरीजच्या गाड्यांना, २०२१ पासून त्या आल्यात, आधी वर्षाचे आकडे आणि मग बीएच असं उलटं असतं, तिथे काही सॉफ्टवेअर गोंधळतात. बदलीवाले, बँकवाले, लष्करातले लोक असतील तुमच्याकडे तर डेमोमध्ये त्यांची गाडी पण घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं तर विचारूच नका, तिथे वाचायला प्लेट तरी पाहिजे ना.

हाय सिक्युरिटी प्लेट १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना शोरूममधूनच येते, जुन्या गाड्यांना पण महाराष्ट्रात सक्ती केली, मुदत वाढत वाढत गेली तरी बऱ्याच लोकांनी बसवली. त्याने आमचं काम सोपं झालं कारण सगळ्यांचा फॉन्ट एकसारखा. कॉलनीत ज्यांची राहिली असेल त्यांना आधी ती बसवायला सांगा, ती तुटणाऱ्या लॉकने बसते म्हणून कोणी काढून दुसऱ्या गाडीला लावायची म्हटली तर तुटते.

---

धुळ्याची_वकिली

मी धुळ्याला प्रॅक्टिस करतो, फौजदारी जास्त. कॅमेऱ्याचं मला कळत नाही पण कोर्टात फुटेज आल्यावर काय होतं ते रोज बघतो, म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं पेन ड्राईव्हमध्ये फुटेज दिलं की झालं. तसं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्यात कलम ६३ पोटकलम ४ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आधी जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ६५ बी म्हणून प्रसिद्ध होतं. आता त्याचे दोन भाग आहेत, एक भाग ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते, म्हणजे फाईलचा ठसाच म्हणा, नंतर एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं आहे ते आपल्या शेजारच्या जालन्याच्या केसमधूनच पक्कं झालं. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज किती वाजता भरला हे व्हिडिओवरून ठरवायचं होतं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, जुलै २०२० चा निकाल. कोर्टाने सांगितलं की मूळ मशीन कोर्टात हजर करून सिद्ध करत नसाल तर प्रमाणपत्र पाहिजेच.

म्हणून तुमच्या मंडळात एक माणूस ठरवा जो मशीनचा जबाबदार असेल आणि उद्या साक्षीला उभा राहील. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही असं झालं की तपासी अंमलदाराला सही करायला माणूस सापडत नाही. पोलिसांनी फुटेज मागितलं तर लेखी घ्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ प्रमाणे ते मागू शकतात, आणि काय दिलं कधी दिलं याची पोच घेऊन ठेवा.

तुमच्या घड्याळाच्या गोष्टीवर तर मी थांबलोच. साक्षीत बचावाचा वकील पहिला प्रश्न वेळेचाच विचारतो. रेकॉर्डरला इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवायची सेटिंग असते ती चालू करा आणि तरी महिन्यातून एकदा मोबाईलशी जुळवून वहीत लिहा.

रस्त्याचं. तुमच्या कॉलनीचे रस्ते आणि ओपन स्पेस लेआउट मंजूर होताना महापालिकेकडे गेले असतील तर तिथे स्वतःच्या मनाने पोल गाडता येणार नाही, अर्ज करा, सोबत पोलीस स्टेशनला प्रत द्या. महावितरणच्या खांबाला तर हातच लावू नका, परवानगीचा प्रश्न आहेच पण जिवाचा पण आहे. सगळ्यात सोपं म्हणजे कोपऱ्यावरच्या घराच्या मालकाची लेखी संमती घेऊन त्याच्या कंपाउंडच्या आत पोल. कच्चे रस्ते बंद करायचा विचार करत असाल तर तोही स्वतःहून करू नका, सार्वजनिक रस्ता अडवल्याची तक्रार उलट तुमच्यावर येईल.

आणि डेटाचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माणूस स्वतःच्या घरगुती कामासाठी डेटा ठेवतो त्याला तो कायदा लागत नाही, पण ८४ घरांचं मंडळ रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा नंबर, वेळ, फोटो याची यादी करतंय त्याला घरगुती म्हणणं अवघड आहे. निदान बोर्ड तरी लावा, इथे वाहनांचे नंबर नोंदले जातात, इतके दिवस ठेवले जातात, चौकशीसाठी हा फोन. बोर्डाचा खर्च कितीसा.

---

तापीची_लेक

मला यात एक गोष्ट सांगायची आहे, कोणाला राग आला तरी चालेल.

आमच्या कॉलनीत, गाव नाही सांगत, दोन वर्षांपूर्वी असेच कॅमेरे बसवले. हेतू चांगलाच होता, चोऱ्या होत होत्या. पण त्याचं ॲप कमिटीतल्या अकरा जणांच्या मोबाईलमध्ये होतं. माझी धाकटी बहीण एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टला आहे, तिला कधी कंपनीची गाडी सोडते, कधी सहकारी सोडतो. एक दिवस कॉलनीतले एक काका आईला भाजी घेताना म्हणाले, तुमच्या मुलीला मंगळवारी पावणेबाराला पांढऱ्या गाडीतून कोणी सोडलं, गाडी तर नाशिक पासिंगची होती. आईला काय उत्तर द्यावं कळेना. घरी आल्यावर ती दोन दिवस धड जेवली नाही आणि बहिणीची नोकरी सोडवायची गोष्ट चालू झाली. चोर पकडायला लावलेल्या कॅमेऱ्याने आमच्या घरात हे आणलं.

आणि बघा, त्या काकांना कोणी वाईट म्हणणार नाही, ते माहेरच्या माणसासारखी काळजीच करत होते म्हणे. पण एक जण गाडी बघतो ते वेगळं आणि मशीन रोज लिहून ठेवतं की कोणाच्या दारी कोण किती वाजता आलं ते वेगळं. साध्या कॅमेऱ्यात तुम्हाला तासन्‌तास फुटेज बघावं लागतं, म्हणून कोणी बघत नाही. नंबर वाचणाऱ्यात नुसता नंबर टाकला की महिन्याभराचं येणं-जाणं समोर येतं. कोणाची मुलगी, कोणाची विधवा सून, कोणाकडे सावकार येतो, कोण गुपचूप डॉक्टरकडे जातं, सगळं.

मी भांडले. मीटिंगला बायका कधी जात नव्हत्या, आम्ही नऊ जणी गेलो. शेवटी ठरलं की सगळ्यांच्या मोबाईलमधून ॲप काढायचं. पासवर्डचे दोन भाग केले, अर्धा एका शिक्षिकेकडे आणि अर्धा एका रिटायर्ड रेल्वेवाल्या आजोबांकडे, दोघं एकत्र बसल्याशिवाय उघडत नाही. कोणी बघायला मागितलं तर वहीत नाव, तारीख, कारण, कुठली वेळ बघितली ते लिहायचं. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. नंबरांची यादी १५ दिवसांनी आपोआप पुसली जाते. त्यानंतर वर्षभरात ती वही फक्त चार वेळा उघडली, म्हणजे खरी गरज तेवढीच होती.

दादा, तुमची बाईक गेली त्याचं मला खरंच वाईट वाटलं, वडिलांची होती. पण कॅमेरा लावायच्या आधी मीटिंग घ्या आणि मीटिंगला घरातल्या बायकांना बोलवा. तो कॅमेरा सगळ्यात जास्त आमच्याकडेच बघणार आहे.

---

शहादेकर_केळीवाला

ताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर. मी अजून एक जोडतो. आमना (आमच्या) भागात तर तीन राज्यांच्या गाड्या रोजच्या, एमएच ३९, एमएच १८, गुजरात, एमपी. शेजारच्या कॉलनीत असं सॉफ्टवेअर बसवलं आणि त्यात बाहेरच्या राज्याचा नंबर आला की मोबाईलवर घंटी वाजेल असं करून ठेवलं. आता केळी कापायला, कापूस वेचायला, बांधकामाला येणारे मजूर पलीकडून सेंधवा भागातून येतात, त्यांच्या बाईक एमपीच्याच राहणार ना भाऊ. पावरा, भिल्ल समाजातली पोरं, सकाळी सहाला कामाला येतात. आठ दिवसांत तीन वेळा अडवलं त्यांना, एकाची डबा ठेवलेली पिशवी उपसून पाहिली. माझ्याकडे कामाला असलेला गडी मला म्हणाला, शेठ, मी दुसऱ्या रस्त्याने येईन, लांब पडतो पण अपमान नको.

काब्र असं करतस लोक? त्याच कॉलनीतली चोरी नंतर उघड झाली तेव्हा पोरं इथलीच निघाली, गाडी एमएच ३९. घंटी वाजवायचीच असेल तर ज्या नंबरची पोलिसात तक्रार आहे त्यालाच वाजवा, पासिंगवरून चोर ठरवू नका. हात जोडून सांगतो.

---

अमळनेर_ते_टेक्सास

अमळनेरचा आहे, सध्या टेक्सासला असतो, इथे हे कॅमेरे गल्लोगल्ली आहेत म्हणून माहिती देतो. इथे फ्लॉक सेफ्टी नावाची कंपनी आहे, २०१७ ला अटलांटात सुरू झाली, ती पोलिसांना आणि रहिवासी संघांना पण कॅमेरे भाड्याने देते. सोलरवर चालणारा छोटा काळा कॅमेरा, पोलवर, गाडीच्या मागच्या बाजूचा फोटो काढतो, नंबरासोबत रंग, मॉडेल, स्टिकर, मागे लावलेली जाळी हे पण नोंदवतो. डेटा साधारण ३० दिवस ठेवतात. चोरीच्या गाड्या सापडतात, ते खरं आहे, आमच्या शेजारच्याची सापडली.

पण चुका झाल्या की फार मोठ्या होतात. २०२० मध्ये कोलोरॅडोच्या ऑरोरा शहरात एका काळ्या कुटुंबाला, त्यात लहान मुली होत्या, पोलिसांनी बंदुका रोखून रस्त्यावर पालथं झोपवलं, कारण त्यांच्या गाडीचा नंबर चोरीच्या यादीशी जुळला. नंबर खरंच जुळत होता, पण चोरीची होती ती दुसऱ्या राज्यातली मोटरसायकल. कोणी फोटोकडे नीट बघितलंच नाही. शहराला पुढे १९ लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. आणि २०२५ मध्ये इथल्याच एका काउंटीतल्या अधिकाऱ्याने गर्भपात केलेल्या एका बाईचा शोध घ्यायला देशभरातल्या हजारो कॅमेऱ्यांत तिचा नंबर शोधला, त्यावरून खूप गदारोळ झाला, कॅमेरे लावताना तर चोरांसाठी म्हणूनच लावले होते. न्यू हॅम्पशायर राज्यात पोलिसांच्या या कॅमेऱ्यांसाठी नियम आहे की यादीशी न जुळलेला नंबर ३ मिनिटांत पुसायचा. एकीकडे ३० दिवस, दुसरीकडे ३ मिनिटं, म्हणजे लोकांनी आग्रह धरला तर कमी करता येतं.

ताईंची दोन भागांच्या पासवर्डची पद्धत मला इथल्या कुठल्याही नियमापेक्षा चांगली वाटली, मनापासून.

---

भुसावळचा_कॅमेरावाला

टेक्सासवाल्या भाऊंनी मोटरसायकलचं सांगितलं तो धागा पकडतो. आपल्याकडे चोर दुसऱ्याच्या गाडीचा नंबर रंगवून घेतात. नंबर जुळला म्हणून त्या मालकाच्या दारात जाऊ नका. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला तर गाडीचं मॉडेल दिसतं, मालकाचं नाव आता झाकलेलं येतं आणि ते बरोबरच आहे. फोटोत पल्सर आणि ॲपवर ॲक्टिव्हा असेल तर प्लेट खोटी, तेवढं पोलिसांना सांगायचं आणि आपण थांबायचं.

टोलवर फास्टॅगने गाडी सापडेल असं पण लोकांना वाटतं. चारचाकीचं ठीक आहे, नशिराबादच्या टोलवर नोंद होते आणि पोलीस मागवू शकतात. बाईकला टोल नाही, फास्टॅग नाही. म्हणून बाईकसाठी आपलाच कॅमेरा.

---

गिरणाकाठ_जळगाव

सगळ्यांचे खूप आभार. रविवारी मीटिंग झाली, ताईंचं पूर्ण उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्यांदाच २३ बायका आल्या. माझी बायको पण बोलली, तिने विचारलं की बाईक गेली तेव्हा फुटेज ग्रुपवर टाकलं होतं त्यात शेजारच्या वहिनी रात्री पाणी भरायला गाऊनवर बाहेर आलेल्या दिसत होत्या, ते टाकताना तुम्ही विचारलं होतं का. नव्हतं विचारलं. माझ्या डोक्यातच आलं नाही तेव्हा. त्यांच्याकडे जाऊन मी माफी मागितली.

ठरलं असं की चार रस्त्यांना लावायच्या ऐवजी मुख्य दोन रस्त्यांच्या बाहेर जाणाऱ्या लेनलाच जोडी लावायची, एक नंबरचा एक साधा, कोपऱ्यावरच्या दोन घरांच्या कंपाउंडमध्ये, दोघांनी लेखी संमती दिली. येणाऱ्या लेनचं पुढच्या वर्षी बघू, गाडी आत आली तर जातेच ना बाहेर. कच्च्या रस्त्यांवर आधी दिवे, त्यासाठी महापालिकेत अर्ज दिला. नंबर वाचायचं महागडं सॉफ्टवेअर सध्या नाही घेत. कॉलनीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा फ्रिगेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघतोय, त्यात नंबर वाचायची सोय आता आलीये. नाही जमलं तरी फोटोत नंबर डोळ्याने वाचता आला तरी आम्हाला पुरे. यादी २१ दिवस. पासवर्ड दोन भागांत, एक भाग एका बाईकडेच असेल असं पक्कं केलं. घंटी फक्त आमच्या कॉलनीतून चोरीला गेलेल्या आणि तक्रार झालेल्या गाड्यांना, शहादेकर भाऊ तुमचं म्हणणं कोणालाच खोडता आलं नाही.

काल रात्री भुसावळच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे डेमो घेतला, दुसऱ्या एका दुकानदाराने स्वतःचा कॅमेरा आणून तात्पुरता लाकडी बल्लीवर बांधला, ७ मीटर अंतर टेपने मोजलं. २० बाईक नेल्या. १७ चे नंबर साफ. ज्या तीन आल्या नाहीत त्यात एक दादा होता, एका प्लेटवर शेण-चिखल, आणि एक माझ्या मेहुण्याची, त्याने प्लेट वाकवून चाकावर केलेली आहे, आज सकाळी त्याला सरळ करायला लावली.

डिस्क किती घ्यायची तेवढं सांगा.

---

भुसावळचा_कॅमेरावाला

१७ म्हणजे फार छान भाऊ, मनापासून आनंद झाला. दोन मेगापिक्सेलला नवीन कॉम्प्रेशनवर २ एमबीपीएस धरलं तर एका कॅमेऱ्याला दिवसाला साडेएकवीस जीबी. चार कॅमेरे २१ दिवस म्हणजे १८०० जीबीच्या आसपास. २ टीबीत काठोकाठ बसेल, ४ ची घ्या, आणि सर्व्हिलन्सची, म्हणजे सीसीटीव्हीसाठीचीच घ्या, कॉम्प्युटरची साधी नको.

रेकॉर्डरची पेटी उन्हात नको. आपल्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो, बंद लोखंडी पेटीत आत त्याहून कितीतरी जास्त होतं, डिस्क तिथेच मरते. कोपऱ्यावरच्या घरात जिन्याखाली ठेवा, सोबत छोटा यूपीएस, लाईट गेली तरी तासभर चालला पाहिजे कारण चोर लाईट जायचीच वाट बघतात.

आणि दर पंधरा दिवसांनी काचेसमोरचं कोळ्याचं जाळं झाडूने काढायचं. इन्फ्रारेडला किडे येतात, किड्यांना कोळी येतो, आणि रात्री त्या जाळ्यावर उजेड पडून परत तोच पांढरा चौकोन दिसतो. हे काम कोणाकडे आहे ते पण वहीत लिहून घ्या, आखाजीच्या आधीची तारीख टाकून.